ज्ञाननिधींचा शिष्य

गोंदियाहून आगगाडीने रायपूरच्या दिशेने निघाले, की थोड्याच वेळात आमगाव येते. त्याच्याजवळच पदमपूर हे लहानसे गाव आहे. भोवताली धानाच्या बांध्या. आठव्या शतकातील नाटककार भवभूती आपले मूळ गाव म्हणून विदर्भातील ज्या पद्मपुराचे नाव सांगतो, ते हेच, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले. आम्हां गोंदियाकरांना त्याचा कोण अभिमान!

‘महावीरचरिता’च्या प्रस्तावनेत भवभूती आपली ओळख करून देतो. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. आणि त्यांच्या जोडीला गुरूचे नाव, ज्ञाननिधी. नावाप्रमाणेच ते ज्ञानाचा ठेवा होते, असे तो म्हणतो. पुढे कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेलेल्या या कवीने घरच्या माणसांच्या पंक्तीत गुरूला मानाचे पान मांडले. या गुरूंचा एकही ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. तरी शिष्याच्या त्या चार ओळींमुळे बाराशे वर्षांनंतरही त्यांचे नाव आपल्या ओठी आहे.

पण याच भवभूतीने आम्हां मास्तरांना एक कोडेही घालून ठेवले आहे. ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात त्याने म्हटले आहे, की गुरू हुशार आणि मंद अशा दोघांनाही विद्या सारखीच देतो, फळ मात्र निराळे येते. स्वच्छ रत्नात प्रतिबिंब उमटते, मातीच्या ढेकळात उमटत नाही.

माझे संस्कृत शाळेपुरतेच. परंतु हा दृष्टांत मला फार सोयीचा वाटे. एकदा भरवर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलाला मी ‘ढेकूळ’ म्हणून बसलो. पोरे हसली. तो खाली बसला, आणि त्यानंतर वर्षभर माझ्या एकाही प्रश्नाला त्याने तोंड उघडले नाही.

पुढे तो अंक मी मराठीतून पुन्हा सावकाश वाचला, तेव्हा लक्षात आले, की हे शब्द गुरूचे नाहीतच. ते आत्रेयीचे आहेत. वाल्मीकींच्या आश्रमात कुश-लवांच्या तेज बुद्धीपुढे तिचा टिकाव लागेना. म्हणून ही विद्यार्थिनी एकटी दंडकारण्य तुडवीत निघाली आहे. कशासाठी? अगस्त्यांसारख्या ऋषींकडून वेदान्त शिकण्यासाठी! स्वतःला मागे पडलेली समजणारी ती शिकणे सोडीत नाही. दुसरा गुरू शोधते. माझ्या त्या मुलाला मात्र जाण्यासाठी दुसरा आश्रम नव्हता.

ज्ञाननिधींना भवभूती लाभला, म्हणून त्यांचे नाव राहिले. मागच्या बाकावरची मुले नाटके लिहीत नाहीत, प्रस्तावनेत कोणाचे नाव घालीत नाहीत. पण मास्तरांचा शब्द, बरा असो की वाईट, तीही जन्मभर सांभाळतात.

आणि धानाच्या मुलखातल्या माणसाने ढेकळाला नावे ठेवावीत? ढेकळात प्रतिबिंब उमटत नसेल. पण ते पाण्याने भिजले, की रोप त्यातच धरते. रत्नावर आजवर कोणी रोवणी केल्याचे ऐकिवात नाही.