क्रीडांगणाची पुनर्रचना, लोकसहभागातून (गोंदिया जिल्हा)

वस्तीतील उद्यान किंवा खेळाचे मैदान नव्याने मांडताना त्याचा आराखडा तेथे खेळणारी मुले, त्यांना घेऊन येणारे पालक व आजी-आजोबा आणि आसपासचे रहिवासी यांच्यासह ठरविण्याची पद्धत. तयार नकाशावर हरकती मागविणे, भूमिपूजनाला लोकांना बोलावणे किंवा वृक्षारोपणासाठी शाळेच्या मुलांची रांग लावणे, हे सारे सरकारी अहवालांत याच शीर्षाखाली नोंदले जाते. पण तो लोकसहभाग नव्हे. लोकांना अंदाजपत्रक होण्याआधी विचारले की नंतर, यावरून खरे-खोटे कळते.

या विचाराची आधुनिक सुरुवात युरोपात झाली. डेन्मार्कमधील सी. टी. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराने १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एम्द्रुप भागात मुलांनी स्वतः लाकूडफाटा, विटा, दोर जोडून उभे करायचे मैदान सुरू केले. ॲमस्टरडॅममध्ये १९४७ पासून पुढील तीन दशकांत आल्डो व्हान आइक या वास्तुविशारदाने सातशेहून अधिक छोटी क्रीडांगणे केली. त्यांतील अनेक जागा रहिवाशांनी पालिकेला पत्रे लिहून सुचविल्या होत्या. पुढे शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये तीच कल्पना मुलांना लावली. दोन्ही शिड्यांच्या खालच्या पायऱ्यांवर निव्वळ देखावा आहे. खेळण्याचा आणि आपले मत मांडण्याचा मुलांचा हक्क मान्य करणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १३.२२ लाख आणि गोंदिया शहराची सुमारे १.३३ लाख आहे. शहराचा हा आकडा येथे महत्त्वाचा ठरतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. गोंदिया त्या रेषेच्या बरेच खाली आहे. त्यामुळे एक उफराटी स्थिती आहे. सालेकसा तालुक्यातील खेड्यातली बाई ग्रामसभेत उभी राहून पाळणा कुठे हवा ते सांगू शकते आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या म्हणू शकते. गोंदियाच्या एखाद्या प्रभागातल्या बाईला नगरसेवकाचे दार ठोठावण्याखेरीज तसा नेमाने भरणारा मंच नाही. २०१५ च्या सुमारास देवरी, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या, तेव्हा तेथील लोकांच्या हातूनही ग्रामसभा गेली. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर २०२२ पासून काही वर्षे प्रशासक होते. त्या काळात ठोठावायला नगरसेवकाचे दारही नव्हते. शिवाय ग्रामसभाही मतदारांचीच असते, मुलांची नव्हे. मुलांसाठी बालसभा भरवावी असे गाव विकास आराखड्याच्या मार्गदर्शनात सांगितले आहे, पण ती बहुधा शाळेच्या एका तासात उरकली जाते.

झाडीपट्टीत, म्हणजे गोंदियासह पूर्व विदर्भाच्या या भागात, मोकळी जागा केवळ खेळासाठी नसते, आणि बाहेरून आलेल्या सल्लागाराच्या नकाशात हेच निसटते. गावाच्या कडेचा आखर हे सकाळी गुरे जमण्याचे ठिकाण. पोळा तिथेच भरतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन तिथेच येतात. दिवाळीनंतर मंडई (जत्रा) भरते, दुकाने लागतात, रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक असते. धान निघाल्यावर वाळवायला मोकळी जागा लागते, उन्हाळ्यात लग्नाचा मांडव. अशा मैदानाच्या मधोमध सिमेंटच्या पायात रोवलेली खेळणी म्हणजे वर्षभराच्या वापरावर मारलेली मेख. लोकांना आधी विचारले तर खेळणी कडेला जातात आणि मध्य मोकळा राहतो. म्हणून पहिली पायरी म्हणजे मैदानाचे वर्ष मांडणे : कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोण येथे असते.

दुसरी बाब उन्हाची. मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. उघड्यावरची पत्र्याची घसरगुंडी (गोंदियात मुले तिला फिसलपट्टीच म्हणतात) सकाळी दहानंतर बसण्यासारखी राहत नाही. सावलीसाठी लावलेले नवे रोप मोठे होईपर्यंत तिच्याजवळ खेळणारे मूल शाळा सोडून गेलेले असते, म्हणून आधीच उभ्या असलेल्या कडुनिंबाकडे, करंजाकडे खेळणी न्यावीत. झाड नंतर खेळण्याकडे येत नाही. पावसाळ्यात पाणी कुठे साचते हेही ऑगस्टमध्ये तिथून चालत जाणाऱ्यालाच माहीत असते; सर्वेक्षण बहुधा कोरड्या महिन्यांत होते.

विचारण्याच्या पद्धती सोप्या आहेत आणि पाणलोटाच्या कामांमुळे ग्रामीण कर्मचाऱ्यांना ठाऊकही आहेत. गावाचा नकाशा रांगोळीने जमिनीवर काढणे, लोकांसह जागेवर फेरी मारणे, पसंतीसाठी चित्रांपुढे चिंचोके ठेवायला लावणे. लहान मुलांना ‘काय हवे’ विचारले तर टीव्हीत पाहिलेले सांगतात. ‘इथे काय करता, कुठे लपता, कुठे जायची भीती वाटते’ असे विचारल्यास उपयोगाचे उत्तर मिळते. भाषेचा प्रश्नही आहे. शहरात हिंदी सर्रास चालते, गावांत पोवारी, गोंडी, छत्तीसगढी बोलल्या जातात. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ अशी सुरू होणारी सूचना फलकावर लावल्याने कोणी येत नाही. अंगणवाडी सेविका किंवा बचतगटातील बाई घरी येऊन सांगून गेली तर येतात.

सभेला आलेले सगळे पुरुष आणि क्रिकेट खेळणारे मुलगे असतील, तर मैदान क्रिकेटचेच होते. व्हिएन्नात १९९० च्या दशकातील पाहणीत वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली उद्यानांतून दिसेनाशा होतात असे आढळले. तेथे १९९९ मध्ये दोन उद्याने नव्याने मांडून मोठ्या मैदानाचे लहान भाग पाडले, वाटा व दिवे वाढविले. गोंदियातही मुलींशी वेगळी बैठक घ्यावी लागते, आणि ती संध्याकाळी सात वाजता ठेवून चालत नाही.

खरी अडचण मात्र कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर येते. अंदाजपत्रक दरसूचीवरून, म्हणजे कामांच्या ठरलेल्या शासकीय दरांच्या यादीवरून होते. पेव्हर ब्लॉक, संरक्षक भिंत, प्रवेशद्वार यांचे दर दरसूचीत तयार मिळतात. मुलांना हवा असलेला मातीचा उंचवटा, टांगलेले टायर, चढायला ओंडके यांचे सरळ दर मिळत नाहीत; दरपृथक्करण करावे लागते, पुरवठादारांकडून दरपत्रके मागवावी लागतात, लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची धास्ती असते. म्हणून अभियंता फरशीकडे वळतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण बैठकीला त्यालाच बोलावले, तर लोकांची मागणी दरसूचीतील कोणत्या बाबींत बसवता येईल हे तोच सांगू शकतो. तांत्रिक मान्यता मिळाली की एक झोपाळा इकडचा तिकडे करणेही जड जाते. म्हणूनच क्रीडा विभागाच्या क्रीडांगण विकास व व्यायामशाळा विकास अनुदानातून किंवा जिल्हा नियोजनाच्या निधीतून येणाऱ्या खुल्या व्यायामशाळांची यंत्रे गावोगाव सारखीच दिसतात.

ग्रामीण भागात दुसरा मार्ग होता. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातील अनुज्ञेय कामांत खेळाचे मैदान तयार करणे धरले गेले. मजुरी व साहित्याचे प्रमाण ६०:४० राखायचे असल्याने सपाटीकरण, बांध, चर अशी मातीची कामे त्यात बसत, महागडी खेळणी नाहीत. कबड्डी आणि खो-खोला हेच सोयीचे.

महाराष्ट्रातील शहरांचा अनुभव मिश्र आहे. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी पाच लाखांपर्यंतची कामे मागविण्यास सुरुवात केली. बाके, पदपथ, उद्यानातील दुरुस्ती अशी कामे त्यातून सुचविली जातात, पण यादीतील काम प्रत्यक्षात उतरेलच असे नसते. मुंबईत माटुंग्याच्या रहिवाशांनी डॉ. आंबेडकर मार्गावरील उड्डाणपुलाखालची कचऱ्याची व गैरवापराची जागा आधी स्वतः रखवालदार नेमून राखली, पालिकेकडे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि २०१६ मध्ये तेथे नर्मदेच्या प्रवाहाची आठवण करून देणाऱ्या वाटेचे उद्यान उघडले. विदर्भातील नागपूर हे केंद्र शासनाच्या २०२० मधील बालस्नेही परिसर स्पर्धेतील शहरांपैकी एक होते. तीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रंग, टायर अशा स्वस्त साहित्याने आधी तात्पुरता प्रयोग करून पाहण्यावर भर होता. लहान नगरपरिषदेने उचलावी अशी यातली हीच पद्धत : चुन्याने फक्की मारून आणि दोर बांधून आठवडाभर मुलांना खेळू द्यावे, मग खड्डे खणावेत.

गोंदियाचा समावेश असलेल्या अमृत अभियानाच्या (२०१५) सुधारणांत दरवर्षी किमान एक बालोद्यान उभारण्याची आणि उद्यानांच्या देखभालीसाठी लोक, शासन व खासगी क्षेत्र यांची भागीदारी उभी करण्याची अपेक्षा होती. उभारणीला निधी मिळतो. देखभाल स्थानिक संस्थेच्या तुटपुंज्या तरतुदीवर येते. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपला की पाळण्याची तुटलेली साखळी कोणाची, हा प्रश्न उरतो. म्हणून आराखड्याच्या बैठकीतच फाटकाची किल्ली कोणाकडे, ते किती वाजता उघडायचे, दिव्याचे बिल कोण भरणार, साखळीच्या कडीला तेल कोण घालणार आणि मंडईच्या दिवसांत खेळण्यांची राखण कोण करणार हे नावानिशी लिहून ठरावात घेतले जाते. देखभालीची वर्गणी ठरली असल्यास ती कोणी गोळा करायची आणि हिशेब कोणत्या फलकावर लावायचा हेही त्याच ठरावात येते.