स्टेम (ध्वनिमुद्रण)

स्टेम म्हणजे गाण्यातील एका वाद्याची, गायनाची किंवा वाद्यगटाची स्वतंत्र ध्वनिफाइल होय. सर्व स्टेम एकाच वेळी वाजवल्यास मूळ गाणे पुन्हा ऐकू येणे अपेक्षित असते. मल्टिट्रॅकमध्ये प्रत्येक मायक्रोफोनचा ध्वनी सुटा असतो. स्टेममध्ये संबंधित ट्रॅक एकत्र करून, त्यांवरील संस्कारांसह दिले जातात. व्यवहारात मात्र दोन्हींना स्टेम म्हटले जाते.

ठाणे, दिवा, कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात लोकप्रिय असलेल्या आगरी-कोळी गीताचे मुख्य गायन, कोरस, ढोलकी व अन्य तालवाद्ये, बेंजो आणि की-बोर्ड असे पाच स्टेम करता येतात.

== निर्यात ==
एबलटन लाइव्हमध्ये 'ऑल इंडिव्हिज्युअल ट्रॅक्स' आणि एफएल स्टुडिओमध्ये 'स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स' या पर्यायांनी सर्व ट्रॅक एकदम निर्यात होतात. त्या वेळी पुढील बाबी पाळतात :
* प्रत्येक फाइल गाण्याच्या आरंभबिंदूपासून सुरू करणे, जरी वाद्य कडव्यात प्रथमच वाजत असले तरी.
* शेवटचा प्रतिध्वनी पूर्ण विरेपर्यंत फाइल चालू ठेवणे.
* वेव्ह स्वरूप व मूळ सॅम्पल रेट कायम राखणे. एमपी३ रूपांतरात आरंभी सूक्ष्म शांतता मिसळल्याने ताल सरकू शकतो.
* फाइलच्या नावात वाद्य, लय व स्वर नोंदवणे.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ फाइल मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट जागा घेते.

== मास्टर चॅनेल ==
मास्टर चॅनेलवरील लिमिटर एकूण आवाजानुसार काम करतो. एकट्या स्टेमवर त्याचा परिणाम वेगळा होत असल्याने स्टेमची बेरीज मूळ मिश्रणाशी जुळत नाही. म्हणून तो बंद ठेवून निर्यात करतात व तुलनेसाठी पूर्ण मिश्रणही सोबत देतात.

== उपयोग ==
चित्रपटात संवाद, संगीत व ध्वनिपरिणाम यांचे स्टेम वेगळे ठेवल्याने अन्य भाषेत डबिंग करताना केवळ संवाद बदलावे लागतात. गाण्याचे भाग निरनिराळ्या शहरांत मुद्रित होतात तेव्हा समान आरंभबिंदूमुळे ते अचूक जुळतात. 'सैराट' (२०१६) या मराठी चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंदाचे मुद्रण अमेरिकेतील सोनी स्कोअरिंग स्टेज येथे केले होते.

== जतन ==
प्रकल्पाची मूळ फाइल विशिष्ट सॉफ्टवेअर व प्लगइनवर अवलंबून असते. ती कालांतराने न उघडल्यास गाण्याचे सुटे भाग हाती राहत नाहीत. वेव्ह स्टेम मात्र कोणत्याही प्रणालीत उघडतात. डीझर कंपनीच्या स्प्लीटरसारख्या (२०१९) साधनांनी तयार गाण्यातून भाग वेगळे करता येतात. तथापि त्यांत इतर वाद्यांचे अवशेष राहत असल्याने ते मूळ स्टेमची जागा घेऊ शकत नाहीत.