खर्जाला माइक मिळाला
१९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने गायिका गौहर जानचं गाणं टिपलं, तेव्हा माइक नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचं आणि तीन मिनिटांत आटपायचं. उंच, टोकदार आवाज कर्ण्याला मानवत असे. खर्ज आणि तंबोऱ्याची आस त्याच्या हाती फारशी लागत नसे. १९२५ च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि गवयाची ओरड थांबली.

तास-तास मंद्रात रेंगाळणारा, ध्रुपद गाणाऱ्या डागर घराण्याचा आलाप कर्ण्याच्या काळात तबकडीवर मावलाच नसता. तो आलाप शिकवायला १९८१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने भोपाळला ध्रुपद केंद्र काढलं. गुरू होते उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर. उज्जैनचे गुंदेचा बंधू इथे शिकले. उज्जैनचेच उदय भवाळकरही इथेच घडले, आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले. फरीदुद्दीन यांचे थोरले बंधू झिया मोहिउद्दीन यांनी रुद्रवीणेचे भोपळे मोठे केले, तारा जाड केल्या आणि बोटातली मिजराब (नखी) काढून टाकली. वाद्य खोल झालं आणि हळूही. मोठ्या सभागृहात माइक नसता तर मागच्या रांगेला काय ऐकू गेलं असतं?

असा खर्जातला गळा घरी टिपायचा तर दुकानात हमखास पुढे येतो तो शुअरचा एसएम-५८. १९६६ पासूनचा हा माइक दणकट, पण पिंड मंचाचा. समोरचाच आवाज घेणाऱ्या माइकला तोंड चिकटवलं की खालचे स्वर फुगतात, म्हणून त्यात मंद्र मुद्दामच थोडा कापलेला असतो. बारीक आवाजाच्या गायकाला ही फुगवण सुखावते. ध्रुपदियाच्या आवाजाचा मात्र तिने चिखल होतो. ध्रुपदियासाठी कंडेन्सर माइक हात-दीड हात लांब ठेवावा. चारही बाजूंनी ऐकणारा असेल तर फुगवण जवळजवळ नाहीच, पण मग पंखा, रिक्षा आणि शेजारचा कुकरही तबकडीवर हजर! अशा वेळी पडदे नि गाद्या लावून खोली आधी शांत करावी, माइकवरचा जादा खर्च नंतर.

गिटारलाही माइकच्या जागेचा हाच हिशेब. माइक भोकासमोर ठेवला की घुमारा येतो. बाराव्या पडद्याकडे वळवला की तार मोकळी ऐकू येते.