बर्फावरचा तंबू

आपल्याकडे तंबू उभारणें म्हणजे मेखा ठोकून तणावे ओढून बांधणें होय. जमीन मेखेला धरते आणि मेख तंबूला धरते. इतका साधा हिशेब. परंतु पायाखालीं माती नसून नुसता बर्फ असला म्हणजे हा हिशेब चुकतो. तंबू जागेवर राखणें ही तेथें एक स्वतंत्र विद्याच होऊन बसते.

उत्तर अमेरिकेंत गोठलेल्या सरोवरांना भोंक पाडून मासे धरणारे लोक आपली लहानशी राहुटी पाठीमागें ओढीत नेतात. वाऱ्याच्या बाजूचा कोपरा ते आधीं बांधतात, मग बाकीचे. लोखंडी मळसूत्र पिळून बर्फांत बसवावें, अगर भोंकांत खुंट उभा करून वर पाणी ओतावें. पाणी गोठलें कीं खुंट पक्का. उन्हानें लोखंड तापून भोवतालचा बर्फ सुटूं नये म्हणून त्यावर हिमाचा ढीग घालितात. पण मुख्य भिस्त असते ती राहुटीच्या खालच्या झालरीवर रचलेल्या हिमावर. कारण वारा तंबूला ढकलतो त्याहून अधिक उचलतो. तो एकदां आंत शिरला कीं मेखांचें कांहीं चालत नाहीं.

हीच गोष्ट तीन इंग्रज प्रवाशांना १९११ सालीं प्राण पणास लावून कळली. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिणध्रुव मोहिमेंतील डॉ. विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे २७ जून रोजीं केप एव्हन्सहून केप क्रोझियरकडे निघाले. तिकडे तो ऐन हिवाळा. दिवस असा उगवतच नव्हता. सम्राट पेंग्विनाचीं अंडीं आणावीं आणि त्यांतील गर्भावरून पक्ष्यांच्या उत्पत्तीचा कांहीं उलगडा होतो कीं काय तें पाहावें, हा हेतु. सुमारें ६५ मैलांस जवळजवळ तीन आठवडे लागले, व वाटेंत थंडी फॅरनहाइटच्या शून्याखालीं ७७ अंशांपर्यंत गेली. (अंडीं पुढें लंडनच्या संग्रहालयांत पोंचलीं, त्यांपासून शास्त्रास अपेक्षेइतका लाभ झाला नाहीं.)

तेथें त्यांनीं टेकडीच्या कडेखालीं, आडोसा पाहून, दगडांची झोंपडी रचली आणि तिच्यावर किंतानाचें छत घातलें. शेजारीं, झोंपडीच्या आडोशास, तंबू उभा केला. या तंबूस बांबूच्या काठ्या शेंड्याशीं एकत्र जोडलेल्या असत, आणि भोंवतालच्या झालरीवर वजन घालून तो धरून ठेवीत. तिघांनीं त्यांत कसूर केली नव्हती. तरीहि २२ जुलैच्या पहाटे वादळ उठलें आणि तंबू नाहींसा झाला. दुसरे दिवशीं, विल्सनच्या वाढदिवशींच, झोंपडीच्या छताच्या चिंध्या झाल्या. तिघे आपापल्या निजावयाच्या पिशव्यांत, अंगावर हिम साचूं देत पडून राहिले. तंबूवांचून परतीची वाट म्हणजे मृत्यूच, हें प्रत्येकास ठाऊक होतें. कोणी तें बोलून दाखविलें नाहीं.

वारा थोडा ओसरतांच बॉवर्स शोधास निघाला, आणि सुमारें अर्धा मैल खालीं उतारावर त्याला तंबू सांपडला. काठ्या एकत्र येऊन तो मिटलेल्या छत्रीसारखा झाला होता, म्हणूनच तो फार दूर गेला नाहीं. आमच्या मतें यांत दैवाचा भाग मोठा, पण काठ्या शेंड्याशीं जोडणाऱ्या कारागिराचाहि थोडा आहे. आडोसाच वैरी ठरला, असा उलगडा मागाहून झाला: कडेवरून वाहणाऱ्या वाऱ्यानें आडोशाच्या बाजूस पोकळी होऊन छत वर शोषलें जात होतें. उघड्यावर बांधलेली झोंपडी कदाचित् टिकली असती.

पुढच्या मुक्कामीं बॉवर्सनें तंबूच्या शेंड्यास दोरी बांधली आणि तिचें दुसरें टोंक आपल्या पिशवींत घेऊन तो निजला. तंबू गेला तर त्यासह आपणहि जाऊं, असा त्याचा विचार. १ ऑगस्टला तिघे केप एव्हन्सला परतले.

पुढें विल्सन आणि बॉवर्स स्कॉटबरोबर ध्रुवावर गेले, आणि परततांना १९१२ च्या मार्चांत तिघेहि एका तंबूंत मरण पावले. शोध करणारी मंडळी १२ नोव्हेंबर रोजीं तेथें पोंचली. तींत चेरी-गॅरार्ड होता. साडेसात महिन्यांच्या वादळांनंतरहि तो तंबू ताठ उभा होता, काठ्या नीट फांकलेल्या. मंडळींनीं काठ्या काढून घेतल्या, तंबू तिघांवर अलगद खालीं येऊं दिला आणि त्यावर हिमाची रास रचली.