दाराआडचा उपवास

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपवास कित्येक पिढ्या सिनेगॉग, रब्बी आणि हिब्रू प्रार्थनापुस्तक यांच्यावाचून पाळला. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या दशमीच्या या दिवसाला ते दारफळणीचा सण म्हणत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला आणि १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेलेला या समाजाचा इतिहास सांगतो, की या दिवशी माणसे पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून घरात राहत, कडक उपवास करत आणि परक्याचा स्पर्श टाळत. दुसरा दिवस शिळा सण. तो दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. या रूढीकडे धर्माचा झिजून उरलेला तुकडा म्हणून पाहिले जाते. ते चूक आहे. तोरा या ज्यू धर्मग्रंथाने सामान्य माणसाला या दिवशी दोन आज्ञा दिल्या: जिवाला क्लेश द्यावा आणि कोणतेही काम करू नये. तेलाचा घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी तो बंद ठेवणाऱ्या या समाजाने त्या दोन्ही घरात राहून पाळल्या.

हा दिवस बाहेरून आलेल्या धर्मशिक्षकांनी नंतर शिकवला असेल, अशी शंका कोणी घेईल. पण त्यांनी शिकवला असता, तर सोबत हिब्रू नाव आणि सिनेगॉगमधली दीर्घ प्रार्थनाही आली असती. घराची दारे लावून बसण्याची रीत त्यांच्या परंपरेत नाही. स्पर्श टाळणे हा शेजारच्या हिंदूंच्या सोवळ्याचा प्रभाव आहे, हा दुसरा आक्षेप. तो बहुधा खरा आहे, पण त्याने काही बिघडत नाही. ज्यू जिथे जिथे राहिले, तिथल्या चालीरीती त्यांच्या व्रतांत उतरल्याच. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सामुदायिक प्रार्थनेविना पश्चात्ताप अपुरा. ती उणीव होतीच. याच समाजातल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग, जे पुढे ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाऊ लागले, उभारल्यावर ती भरून निघू लागली. मात्र मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ असेही सांगतो, की माणसाने माणसाचा केलेला अपराध, दुखावलेल्याची समजूत घातल्याशिवाय, योम किप्पूरनेही फिटत नाही. ते काम प्रार्थनागृहात उरकत नाही. त्यासाठी माणसाच्या दारी जावे लागते, जसे शिळा सणाच्या भेटीगाठींत हा समाज जात असे.

म्हणून सिनेगॉगने या समाजाला ज्यू बनवले असे म्हणता येत नाही. घराघरांत आधीच जिवंत असलेल्या व्रताला त्याने शब्द दिले. धर्माचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ग्रंथ आणि वास्तू यांच्याइतकेच घरातल्या रूढीलाही प्रमाण मानले पाहिजे.