स्टिकर, डिर्क

स्टिकर, डिर्क उइप्को : (५ फेब्रुवारी १८९७–२३ डिसेंबर १९७९). डच उदारमतवादी राजकारणी, मुत्सद्दी व उत्तर अटलांटिक करार संघटनेचा (नाटो) तिसरा महासचिव. जन्म नेदर्लंड्सच्या उत्तर भागातील विन्सखोटेन येथे. ग्रोनिंगन विद्यापीठातून त्याने कायद्याची डॉक्टरेट मिळविली (१९२२). काही वर्षे बँकांतून काम केल्यावर १९३५ मध्ये तो हाइनेकेन या बिअर-उत्पादक कंपनीचा संचालक झाला. जर्मन अंमलाखाली मालक व कामगार संघटनांच्या नेत्यांत गुप्तपणे बोलणी चालू होती. त्यांत त्याचा पुढाकार होता. त्यांतूनच १९४५ मध्ये उभयपक्षांची संयुक्त श्रमसंस्था स्थापन झाली.

१९४६ मध्ये त्याने स्वातंत्र्य पक्ष काढला. मजूर पक्षातून बाहेर पडलेल्या पीटर आउड याच्या गटाशी हातमिळवणी होऊन जानेवारी १९४८ मध्ये त्यातून ‘स्वातंत्र्य व लोकशाही यांसाठी जनपक्ष’ (व्हीव्हीडी) उदयास आला. स्टिकर त्याचा पहिला अध्यक्ष होता. इंडोनेशियाच्या प्रश्नावर सरकार अवाजवी सवलती देत आहे, ही या पक्षाची मुख्य तक्रार. ऑगस्ट १९४८ मध्ये स्टिकर व्हिलेम ड्रेसच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाला, तेव्हा नेमका हाच प्रश्न त्याच्यापुढे आला.

नोव्हेंबर १९४८ मध्ये जावात जाऊन त्याने इंडोनेशियाचा पंतप्रधान मोहम्मद हट्टा याच्याशी वाटाघाटी केल्या. त्या फिसकटल्या. १९ डिसेंबर रोजी डच सैन्याने जोगजाकार्तावर हल्ला करून सुकार्णो व हट्टा यांना अटक केली. स्टिकरचा कल समझोत्याकडे होता. तथापि या कारवाईच्या वेळी तो मंत्रिमंडळात राहिला व तिच्या जबाबदारीतून त्याला वगळता येत नाही. जगभर तिचा निषेध झाला. जवाहरलाल नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई राष्ट्रांची परिषद बोलाविली; सुरक्षा परिषदेने कैद्यांच्या सुटकेची व सत्तांतराची मागणी केली; अमेरिकेकडून मिळणारी मार्शल मदत धोक्यात आली. अखेर द हेग येथील गोलमेज परिषदेनंतर २७ डिसेंबर १९४९ रोजी सार्वभौमत्व इंडोनेशियाकडे गेले. पश्चिम न्यू गिनी तेवढा डचांकडे राहिला.

या उरलेल्या तुकड्यानेच स्टिकरला अडचणीत आणले. आउडच्या मते त्याबाबत सरकार नमते घेत होते. जानेवारी १९५१ मध्ये त्याने सरकारविरुद्ध प्रस्ताव मांडला. संसदेने तो फेटाळला. परंतु आपल्याच पक्षाने विरोधी मत दिल्यावर मंत्रिपदी राहणे स्टिकरला उचित वाटले नाही. त्याने राजीनामा दिला आणि त्यापाठोपाठ सबंध मंत्रिमंडळ कोसळले. मार्चमध्ये बनलेल्या नव्या मंत्रिमंडळात मात्र परराष्ट्रखाते पुन्हा त्याच्याकडेच आले. यावरून पक्षाबाहेरही त्याची किती गरज भासत होती, हे दिसते. पश्चिम न्यू गिनीचा प्रशासकीय ताबा १९६३ मध्ये इंडोनेशियाकडे गेला.

यूरोपच्या राजकारणात त्याचे पाऊल अधिक निश्चित पडले. त्याने उत्तर अटलांटिक करारावर सही केली (४ एप्रिल १९४९). १९५०–५२ मध्ये तो यूरोपीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या मंडळाचा अध्यक्ष होता. उद्योगवार क्रमाक्रमाने व्यापारी निर्बंध उठवावेत, अशी त्याची १९५० ची योजना ‘स्टिकर योजना’ म्हणून ओळखली जाते. शूमान योजनेतील राष्ट्रातीत सत्तेविषयी तो साशंक होता. तरीही यूरोपीय कोळसा व पोलाद समुदायाच्या करारावर नेदर्लंड्सतर्फे त्यानेच सही केली (१९५१).

पुढे तो लंडनमध्ये राजदूत (१९५२–५८) आणि नंतर नाटोमध्ये डच प्रतिनिधी होता. १९६१ मध्ये पॉल-आंरी स्पाकनंतर तो महासचिव झाला. ही निवड द गॉलला रुचली नव्हती. त्याच्या कारकीर्दीत बर्लिनची भिंत उभी राहिली (१९६१) व क्यूबाचा पेचप्रसंग उद्भवला (१९६२). क्यूबाच्या वेळी अमेरिकेने मित्रराष्ट्रांचा सल्ला घेतला नाही, निर्णय कळविला. अण्वस्त्रांचा वापर कोणी ठरवायचा हा वाद त्यामुळे अधिकच बोचू लागला; महासचिवाच्या हाती मध्यस्थीखेरीज फारसे काही नव्हते. १९६३ मध्ये फ्रान्सने आपले अटलांटिक आरमार संघटनेच्या आधिपत्याखालून काढून घेतले. प्रकृती ढासळल्याने १९६४ मध्ये स्टिकरने पद सोडले. मॅन्‌ल्यो ब्रोझ्यो त्याचा उत्तराधिकारी होता.

त्याच्या आठवणी मेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी (१९६६) या इंग्रजी ग्रंथात आल्या आहेत. वासेनार येथे त्याचे निधन झाले.