परळ आणि पेशीतली कळ

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळला आली. साथ पुढेही वर्षानुवर्षं येत राहिली. नाशिक सोडून मळ्यात झोपड्या घालून राहिल्याचं माझी आजी सांगायची.

लस टोचली की रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. पण ती नेमकी कुठे, कोणाच्या हुकमानं तयार होतात, हे कळायला पुढची ऐंशीहून अधिक वर्षं गेली.

कोडं असं, की प्रतिपिंडांची जनुकं शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. मग ती बनवते फक्त बी-पेशीच, असं का? पुस्तक सगळ्यांच्या दप्तरात, पण धडा वाचायला एकच मुलगा उभा राहतो, तसं हे!

१९७६ साली सुसुमू तोनेगावा यांनी दाखवलं, की बी-पेशी जनुकांचे सुटे तुकडे जोडून घेते. पण जोडलेलं जनुक चालू कोण करतं? १९८३ साली त्याच जनुकाच्या मधल्या, प्रथिनाची कृती नसलेल्या भागात डीएनएची एक कळ सापडली. तिला एन्हान्सर म्हणतात. ही कळ बी-पेशीत जनुकाला जोर देते, बहुतेक इतर पेशींत गप्प राहते. १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना अशाच दुसऱ्या एका कळीवर बसणारं प्रथिन सापडलं, एनएफ-कप्पा-बी.

पण हीच कळ कधी घातही करते. बर्किट लिम्फोमा या कर्करोगात ८ व्या गुणसूत्राचा तुकडा तुटून बहुतेक वेळा १४ व्याला चिकटतो. पेशींची वाढ करवणारं मिक नावाचं जनुक प्रतिपिंडांच्या कळीशेजारी येऊन पडतं आणि मग थांबतच नाही. १९८२ साली हे उघड झालं. हा रोग बऱ्याचदा लहान मुलांना होतो.

टाटा हॉस्पिटलही १९४१ पासून परळलाच आहे. नाशिकहून सकाळी पंचवटी एक्सप्रेसनं तिकडे निघालेले आईबाप आपण पाहिले आहेत. आमच्या हातून काय चुकलं, असं ते विचारतात. त्यांना सांगावंसं वाटतं, की तुमचं काही चुकलं नाही. एक कळ भलत्या जागी पडली, इतकंच. आणि वेळेवर केमोथेरपी मिळाली तर यातली बरीच मुलं बरी होतात.

असो.